मन्ही माय

सोम. २१ जुलै. एकादशी
उपवास. भगर केली, शेंगदाण्याची आमटी.
आमच्या हर्षलचं नवीन गाणं आलं. जाऊबाईंच्या काजलने मोबाइलवर लावून दिलं. अर्धं हिंदी, अर्धं अहिराणी, आणि इतकं भरभर की कडबाकुट्टी चालल्यासारखं वाटतं. पण मधेमधे थांबून म्हणतो, "मन्ही माय, मन्ही माय." तेवढं समजलं, 'माझी आई'. तीनदा ऐकलं. लोणखेड्याच्या कॉलेजात गॅदरिंगला पहिल्यांदा असं बडबडगाणं म्हटला होता, तेव्हा ह्यांनी जेवण सोडलं होतं. मग लग्नाच्या बँडवर, मग पुणे, आता मुंबईची कंपनी. देवाची कृपा.

गुरु. २४ जुलै. अमावस्या
काजलने त्याच्या प्रोग्रामचा व्हिडिओ दाखवला. केवढी पोरं! "मन्ही माय" आलं की सगळे हात वर करून अंगठा नि बोट चोळतात. मला वाटलं, आईला काहीतरी करत असतील, नमस्कारासारखं.
काजल हसायला लागली. "काकू, त्यासले ते 'मनी' ऐकू येस. मनी म्हंजे पैसा!"
मॅट्रिकला इंग्रजी होतं मला. कळलं.
हर्षलसुद्धा बोटं चोळत होता.

रवि. २७ जुलै
फोन आला. कंपनीवाल्यांना आवडलंय म्हणे. अहिराणी काढून टाकायची, सगळं हिंदी करायचं, तेवढे दोन शब्द ठेवायचे. लिहितानाही 'मनी'च लिहिणार.
"मंग त्यामा मी शे का नही?"
मी आहे की नाही त्यात, एवढंच विचारलं. मग म्हणे, "माय, लोक नाचतात ना."
कानबाई देवीच्या सणाला येशील का विचारलं. "बघतो."
आपल्याकडे 'देखस' म्हणतात. देखस म्हणणारा येतो तरी.

मंगळ. २९ जुलै. नागपंचमी
चूल पेटवली नाही, तवा ठेवला नाही. ह्यांच्याशी बोलले त्या शब्दाबद्दल. "त्याले पोटभर मिळस ना? मंग आते काय पाहिजे?" असं म्हणून हे पपईला पाणी द्यायला गेले. मळ्यात जाऊन ह्यांनी काजलला फोन करून ते गाणं मागवलं, हे मला संध्याकाळी काजलकडूनच कळलं.

शुक्र. १ ऑगस्ट
कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. जाऊबाई हात सुपात ठेवूनच थांबल्या. "हर्षलना धरू का नको? तो आते मोठा माणूस झाया. रोट बाहेरनाले देता येत नही, पुनीवपर्यंत आपलेच संपाडना पडी."
"धरा," म्हटलं. "मी खाईन त्याच्या वाटचा."
काटकसर करणारी बाई मी, पण त्याची मूठ जरा मोठीच भरली.

रवि. ३ ऑगस्ट
कानबाई बसली. नथ, हार, हिरवी साडी, काय रूप दिसतंय! बायांनी आग्रह केला, "हर्षलनी माय, तू म्हन, तुन्हा गळा तर त्यानाकडे गया." दोन गाणी म्हटली. तिसऱ्याला मधेच थांबले, कारण दारात कोणीतरी चपला काढत होतं. दूधवाला होता.
हर्षल आला नाही.

सोम. ४ ऑगस्ट
कानबाईला नदीवर पोचवून आलो. पाय ओले असतानाच फोन.
"माय, रेकॉर्डिंगवर शे. या कंपनीवालासले मी सांगं, पैसा नही, माय शे ती. ते म्हनतस, पब्लिकले कसं समजी? तू मले हाक मार. लहानपणी मारे तशी. गाणाना आगे लावसू."
एवढ्या लोकांसमोर? लाज वाटली. तरी म्हटलं, "हर्षू, घर ये रे, जेवाले चाल."
कोणीतरी हिंदीत काही बोललं. मग हा, "माय, पंखाना आवाज येस. बंद करी परत म्हन."
पंखा बंद केला. परत म्हटलं. या खेपेला गाण्यासाठी नव्हे, खरंच जेवायला बोलावलं.
त्याला ते कळलं का, कोण जाणे. माझी हाक ठेवतील की कापतील, तेही माहीत नाही. फोन अजून चालू होता, म्हणून पंखा बंदच ठेवला.