सुमतीच्या टेबलावरचा शिक्का

ठाकुर्ली,
रविवार, १२ मार्च १९८९

प्रिय सुमती,

तुझं कार्ड येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसते आणि नेमकी भांडी घासायची आठवतात. आमच्या ह्यांचा पाय अजून प्लॅस्टरमध्येच आहे, खाटेवरून हुकूम मात्र जोरात. कंपनीत तुझ्या जागी चित्रा म्हणून पोर आलीय. खोकल्याच्या बाटल्यांच्या लेबलांवर शिक्के मारताना गाणी म्हणते. तिला गप्प बसवावंसं वाटतं, मग माझीच मला लाज वाटते. तू लिहिलंस की औषधावर चुकीची मुदत मारली म्हणून काढलेल्या बाईला आता कोणती कंपनी घेणार. आणि खाली, सलोमी, तुमच्या देवाला माझं सांग. अगं, ते वाचलं आणि पुढचं ताट बाजूला सारलं.

आज चर्चमध्ये आमच्या मंडळीचं प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला एकेकाकडे फिरतो ते. कुणाचं वाईट करून त्या प्याल्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासूनचं. प्याला आला तसा मी न पिताच पुढे दिला. वीस-पंचवीस माणसं आम्ही, सगळ्यांनी पाहिलं. बाहेर आमच्या मंडळीतल्या मार्थाबाईंनी विचारलंच, काय गं, बरं नाही का? म्हटलं, पोट दुखतंय. घ्या, पापात आणखी भर! त्यांनी घरी नेऊन ओवा खायला लावला.

ती सकाळ आठवते तुला? मुलीच्या तापात रात्रभर जागून तू धावत आलीस. शिक्क्यावरचे तारखेचे आकडे जिचे तिने फिरवायचे हा नियम, पण आधी येईल तिने दुसरीचाही शिक्का लावून ठेवायचा ही आपली रीत. त्या दिवशी तुझा शिक्का मी लावला होता, सुमती. आदल्या दिवशीच्या औषधाच्या मुदतीचं वर्ष माझ्याकडून तसंच राहिलं. चौकशीत तू बिचारी म्हणालीस, झोपेत माझ्याच हातून झालं असेल. तेव्हा चौकशी घेणाऱ्या सरस्वती मॅडम माझ्याकडे वळल्या. ही चर्चला जाणारी, ही खोटं बोलायची नाही, सांग सलोमी, सुमतीनेच लावला ना? मी मान हलवली. दुसरी कोणी असती तर त्यांनी आणखी चौघींना विचारलं असतं. माझ्यानंतर कुणालाच विचारलं नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये सांगायला म्हणून तीनदा गेले. एकदा रजा मागून आले, एकदा पंखा वाजतो अशी तक्रार केली, तिसऱ्यांदा दारातूनच परत. प्रार्थना करते, प्रभू, तोंड तू उघड. तो उघडतो, आणि मी पंख्याचं बोलते! नोकरी गेली तर घर कसं चालायचं, ह्यांना काय सांगायचं, मंडळीत कसं बसायचं?

उद्या पुन्हा केबिनमध्ये जाणार आहे. पण मी मला ओळखते, ऐन वेळी बोबडी वळेल. म्हणून हे पत्र कंपनीत शिरायच्या आधीच पेटीत टाकणार. एकदा पडलं की मला परत काढता येणार नाही. खाली पुरं नाव आणि टोकन नंबर लिहून सही केलीय. आठ दिवसांत कंपनीचं बोलावणं आलं नाही, तर समज मी पुन्हा घाबरले. मग तू ये, आणि हे पत्र साहेबांच्या टेबलावर ठेव. माझी गय करू नकोस.

तुझी म्हणवायला तोंड नाही, तरी तुझीच,
सलोमी दानिएल रणपिसे
पॅकिंग खातं, टोकन नंबर २१७