आमचं छप्पर आणि युलिसरावांचे रोखे

तीर्थरूप क्लोव्हिसमामांच्या पायांवर रेमीचं डोकं (घरातलं शाबूत असं तेवढंच उरलंय).

गुडघा कसा आहे? मामींच्या कोंबड्या अंडी घालायला लागल्या का? तिकडे अर्कान्सात, टेकडीवर, तुम्हाला कसलं वादळ! इथे लुइझियानात सगळं क्षेम. फक्त वाऱ्याने आमचं छप्पर नेलं आणि त्याच्या पाठोपाठ आमची विमा कंपनी बुडाली.

अशा बुडालेल्यांचे दावे राज्याच्या देखरेखीखालचा विमा-हमी संघ भागवतो म्हणे. त्याच्या तिजोरीत झुरळंही उपाशी! पण कायद्याने कर्ज काढायचा अधिकार दिलाय ना, मग काढा कर्जरोखे! ते फेडायचे कोणी? राज्यातल्या प्रत्येक विमेदाराने, हप्त्यावर अधिभार भरून. म्हणजे माझ्या छपराचे पैसे मीच भरायचे, वर व्याजही! (दीड वर्षात कॉलेज सोडलं तेव्हा तुम्ही मला गाढव म्हणालात. ही अक्कल तर पदवीधरांची आहे.)

हेही गिळलं असतं; पण माझी ओडील! तिच्या बापाने, ज्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, तिच्याकरवी निरोप धाडला: "घरावर छपराऐवजी निळी ताडपत्री आहे तोवर लग्नाचं नाव काढू नकोस." माझं डोकंच फिरलं. रोख्यांवरच्या जाहीर सुनावणीला जाऊन बसलो. शेजारच्या टकल्या गृहस्थाने तळलेल्या कालवांचा अर्धा पाव मला दिला, वर म्हणाला, "बोल रे पोरा, भिऊ नकोस." मग काय! नाव-गाव सांगून संघाला दरोडेखोर म्हटलं, रोखे विकणाऱ्या दलालाला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हटलं. टाळ्यांनी हॉल दणाणला. मग अध्यक्षीणबाईंनी त्या दलालांना पुकारलं: युलिस फोंतनो. टकले गृहस्थ ओठ पुसत उठले. ओडीलचे वडील! जाता जाता माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "लोणी झकास होतं हो, जावईबापू."

ताडपत्री पुन्हा सुटलीय, ती बांधायला जातो, म्हणून इथेच थांबतो.

तुमचा (दोन्हीकडून उघड्यावर पडलेला)
रेमी

ता. क. – युलिसराव मनाने मोठे निघाले. म्हणाले, रोखे खपले की छप्पर, छप्पर झालं की लग्न. तेव्हा तूही एक गिऱ्हाईक आण. मी तुमचं नाव दिलंय.

ता. ता. क. – फ्रीझरमध्ये सॉसेजखाली ठेवलेले पैसे मामींना दिसायच्या आत काढा. रोखे अगदी पक्के आहेत. तुम्ही पडलात अर्कान्सातले, तेव्हा अधिभार तुम्हाला नाही, मला आहे. म्हणजे तुमचं व्याज मीच भरणार. घरातल्या घरातच राहिलं की नाही, मामा?