हजार सालातली माणसं

प्रिय वहिनी,

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी दादाच्या फोनवर एक निरोप आला. तो मी पाठवला होता. तू तो वाचलास हे मला आज कळलं. कसं कळलं ते शेवटी सांगतो, कारण ते आधी लिहिलं तर बाकीचं सांगायचं धाडस माझ्यात उरणार नाही, आणि बाकीचं तुला माझ्याकडूनच कळायला हवं. फोन करून मोकळा झालो असतो, पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दोन वाक्यांनंतर मी नळ अजून गळतो का, मागच्या दाराची कडी नीट लागते का, असलं काहीतरी विचारायला लागतो.

रक्तपेढीचा माझा प्रोग्रॅम तुला आठवतच असेल. एकवीस वर्षांपूर्वी तुमच्या घरी राहत होतो, तेव्हा तुझ्याच जेवणाच्या टेबलावर तो लिहिला. ताटं मांडायची वेळ झाली की तू कॉम्प्युटर उचलायला लावायचीस, आणि एवढी खुडबुड करून शेवटी होणार काय, तर नावांची यादीच ना, असं विचारायचीस. खुडबुड्या हे नाव तेव्हा पडलं ते आजतागायत सुटलं नाही. रक्तदात्यांची नावं, फोन, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी केलं त्याची तारीख, असं सगळं त्यात होतं. चालतो का बघायला एक माणूस हवा होता म्हणून दादाला बसवलं आणि त्याची माहिती भरली. त्याचं कार्ड पहिलं. पुढे तो खरंच दर तीन-चार महिन्यांनी यायला लागला, तो थेट सदुसष्ट वेळा. तू दर वेळी सोबत यायचीस आणि बाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचीस, मांडीवर त्याचं घड्याळ आणि चष्मा. एकदा दार उघडं राहिलं, तुला सुई दिसली आणि तू तिथेच कोसळलीस. मग दादाला उठवून त्याच्या खाटेवर तुला आडवं करावं लागलं. नर्स अजूनही ती गोष्ट नव्या माणसांना सांगते.

तर तो प्रोग्रॅम इतकी वर्षं एकाच कॉम्प्युटरवर चालत आला. आता नोंदी इतक्या झाल्यात की तिघं एकदम बसले की तो मान टाकतो. म्हणून ठरलं, की समोरचे पडदे तेच ठेवायचे, बटणं तीच, पण मागची सगळी माहिती उचलून मोठ्या सर्व्हरवर न्यायची. दुकान तेच, गोदाम बदलायचं. सोमवारी सकाळी जुना कॉम्प्युटर बंद होणार. गेले दोन महिने मी याच कामात आहे आणि खरं सांगतो, माझी झोप उडाली आहे. एकेक कार्ड म्हणजे एक माणूस. एखाद्याचा रक्तगट इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या जिवावर बेतेल, हे डोक्यातून जात नाही. मी रक्तगट चार वेळा पडताळले. फोन पडताळले. कुठलीही दोनशे कार्डं उचलून जुनं आणि नवं शेजारी ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. साहेब म्हणाले, अहो, किती जिवाला लावून घ्याल. मी हसलो आणि पुन्हा मोजायला बसलो.

माहिती हलवताना नवा सर्व्हर एका ठिकाणी अडला. एक्केचाळीस कार्डांवरची शेवटच्या रक्तदानाची तारीख घ्यायला तो तयारच होईना. फार जुनी तारीख आहे, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, टाइप करताना घसरलेली बोटं असतील. दोन हजार तीनच्या जागी दोनशे तीन, असं होतं कधी कधी. हजारो कार्डांत एक्केचाळीस म्हणजे काहीच नाही. मी त्याला सांगून टाकलं, की अशी तारीख असेल तर ती जागा रिकामी सोड. एका ओळीचं काम होतं. ज्या माणसाने दोनशे कार्डं डोळ्यांनी वाचली, त्याने ही एक्केचाळीस उघडूनही पाहिली नाहीत. त्या दिवशी काम लवकर आटपून घरी जायचं होतं, एवढंच कारण आहे, दुसरं काही शोधून सापडत नाही.

बुधवारी मोबाईलवर निरोप पाठवून बघायचा होता, कारण नव्या सर्व्हरवर ते काम आपोआप होणार आहे. चुकलं तरी कुणाचं बिघडू नये म्हणून मी सगळ्यांत निरुपद्रवी यादी निवडली. नाव नोंदवलंय पण अजून एकदाही रक्त दिलेलं नाही, अशा नव्या लोकांची. शेवटच्या रक्तदानाची तारीख रिकामी, म्हणजे माणूस नवा, हा नियम माझाच. वीस-बावीस नावं असतील असा अंदाज होता, निघाली त्रेसष्ट. मनात म्हटलं, वा, लोक वाढले. आणि बटण दाबलं.

दहा मिनिटांत पहिला फोन आला. आमच्याकडे दात्यांना फोन करायला एक मावशी आहेत, सगळे त्यांना फोनमावशीच म्हणतात. त्यांनी घेतला. पलीकडच्या बाई अजिबात चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्याकडे काही चुकलंय का हो, हे जाऊन सहा वर्षं झाली. मावशींनी माफी मागितली, फोन ठेवला, पडद्यावर ते कार्ड काढलं. मग मला म्हणाल्या, बाळा, यांचं हजार साल कुठे गेलं?

वहिनी, माझ्या प्रोग्रॅममध्ये वजनाला जागा आहे, व्यवसायाला आहे, चष्मा आहे का यालासुद्धा आहे. माणूस वारला हे लिहायला जागा नाही. वयाच्या सव्विसाव्या वर्षी मला ते सुचलंच नाही. गेला तर कार्ड काढून टाका, एवढाच माझा विचार होता. पण कार्ड काढलं की त्या माणसाने दिलेल्या रक्ताच्या सगळ्या नोंदीही पुसल्या जायच्या, आणि ते मावशींना पटत नव्हतं. वीस-वीस वेळा येऊन गेलेलं माणूस, त्याला असं खरवडून काढायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी आपली युक्ती काढली. कुणी गेल्याचं कळलं की शेवटच्या तारखेत एक जानेवारी, साल हजार, असं घालायचं. तीन वर्षांत न आलेल्यांना आम्ही फोन करत नाही, त्यामुळे हजार सालातला माणूस यादीत कधी येणारच नाही. नोंदी राहतात आणि घरच्यांना फोनही जात नाही. हजारच का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्या काळी कोण रक्त देत होतं, कुणाचा घोळ व्हायला नको. इतकी वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

म्हणजे त्या एक्केचाळिसांतली एकोणचाळीस माणसं गेलेली होती. मी त्यांचं साल पुसलं आणि ती सगळी नवी झाली, यादीत सगळ्यांत वर. उरलेल्या दोघांची तारीख मात्र खरंच टाइप करताना चुकलेली, त्यांतले एक गृहस्थ अठरा वेळा रक्त देऊन गेलेले. त्यांनी फोन करून मावशींना विचारलं, की माझं कौमार्य परत आणलंत का. त्या दिवशी आम्ही हसलो ते तेवढंच.

आता तुला कळलं असेल मी कुठे येतोय. दादा गेला त्या दिवशी, दवाखान्याच्या त्या जिन्यापाशी, तू मला म्हणाली होतीस की तुझ्या त्या यंत्रातून त्यांचं नाव काढू नकोस. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मावशींना म्हटलं, दादाचं नाव राहू दे, पण त्याला फोनही जायला नको. त्या म्हणाल्या, मी बघते. कसं बघणार, हे मी विचारलं नाही. एका प्रश्नाचं काम होतं. विचारलं असतं तर हजार साल मला चौदा महिन्यांपूर्वीच कळलं असतं. पण त्यासाठी त्याचं कार्ड उघडावं लागलं असतं आणि ते माझ्याच्याने होत नव्हतं. या दोन महिन्यांत जी दोनशे कार्डं मी तपासली, त्यांत पहिलं नव्हतं. कुठलीही दोनशे, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. मी दोनपासून सुरुवात केली होती.

तुझ्याकडेही मी असाच वागलो. चौदा महिन्यांत दोनदा आलो. एकदा नळ दुरुस्त केला, एकदा कडी बसवली, आणि तू चहा टाकलास तेव्हा हत्यारं आवरून निघालो. तू दारात उभी होतीस. मला बसायचं होतं गं. बसलो असतो तर त्याच्या खुर्चीसमोर बसावं लागलं असतं.

बुधवार दुपार, गुरुवार आणि शुक्रवार आम्ही दोघांनी घराघरांत फोन करून माफी मागितली. साहेबांनाही सगळं सांगितलं. ते बोलले, बोलायलाच हवे होते. काही जण रागावले, एका माणसाने मला चांगलंच धारेवर धरलं, आणि मी ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्या बाईंनी उलट मलाच धीर दिला आणि मुलाने किती वेळा रक्त दिलं होतं ते विचारलं. अकरा वेळा, असं सांगितल्यावर म्हणाल्या, मला तो सहाच वेळा म्हणाला होता. आता प्रोग्रॅममध्ये 'हयात नाही' अशी एक जागा केली आहे. मी तिला लाल रंग दिला होता, मावशींनी तो काढायला लावला. जुन्या फाइलमधून एकोणचाळीस नावं काढली आणि खुणा हाताने करत बसलो. अडतीस झाल्या. फोनही अडतीसच झाले. एकोणचाळिसावा नंबर मी चार वेळा लावून रिंग जायच्या आत कापला. दादाचा फोन तू बंद केलेला नाहीस हे तुझ्या लेकीने सांगितलं होतं. सकाळचा गजर अजून त्याच फोनवर लावतेस म्हणे. म्हणजे तो निरोप तुझ्या हातातच आला असणार. ज्या माणसाने सदुसष्ट वेळा रक्त दिलं, त्याला मी लिहिलं होतं: 'पहिल्यांदा येताय? घाबरू नका. आम्ही तुमच्या सोबत आहोत.' हे तुला कसं लागलं असेल याचा विचार करून मी तीन दिवस माणसांत नव्हतो. दिलेला शब्द मोडला, थट्टा केली, विसरलो, यातलं काहीही तुला वाटलं असेल.

आज सकाळी सर्व्हरवर आलेली उत्तरं उघडली. लोक उत्तर देतील हे मी धरलंच नव्हतं, त्यामुळे ती तीन दिवस तशीच पडून होती. पहिल्या कार्डासमोर एक होतं, बुधवारचं, अकरा वाजून चोपन्न मिनिटांचं. तू लिहिलंयस: 'हे आता नाहीत. मी आले तर चालेल का? मला सुईची भीती वाटते.' वहिनी, हे पत्र माफीचं आहेच, पण मी ते लिहायला बसलो ते तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला. चालेल. आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासतील, रक्त कमी भरलं तर परत पाठवतील, आणि तसं झालं तरी चालेल. मंगळवारी सकाळी ये, मी घ्यायला येतो, आणि आधी चहाला बसतो. दादाच्या कार्डावरची खूण मी अजून केलेली नाही. ती तू शेजारी असताना करीन, आणि मग तुझं कार्ड भरू. बाहेरच्या बाकावर मी थांबणार नाही, आत तुझ्याजवळ उभा राहीन. फक्त तुझं घड्याळ आणि चष्मा माझ्याकडे दे.

तुझाच,
खुडबुड्या