बारकीच्या नावावर

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार. वहिनीची पाठ आता कशी आहे?

आईला या शुश्रूषागृहात आणलं त्या दिवशी तू तिला म्हणाला होतास, "आई, इथे तुला विचारल्याशिवाय काही होणार नाही." हल्ली ते वाक्य सारखं आठवतं.

बाकी ठीक. आईला खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारच्या आजी घोरायला लागल्या की "आली गं आगगाडी" म्हणायची. आता म्हणत नाही.

तिने तपासणीसाठी रक्त द्यायला नकार दिला, तेव्हा डॉक्टर, नर्सताई आणि आपण दोघं तिच्या खाटेभोवती बसलो होतो. "अंग माझं आहे, सुयांची उशी नाही," ती म्हणाली. डॉक्टरही हसले. मग तिच्यासमोरच ठरलं: तपासण्या नाहीत. नर्सताई रोज पाय दाबून सूज बघतील, गोळ्या चालू राहतील, आणि दर महिन्याला तिला पुन्हा विचारायचं. मन बदललं तरच सुई. तूही मान डोलावलीस.

आणि मागच्या रविवारी, नर्सताई जेवायला गेल्या असताना, तू बाहेरून रक्त घेणारा माणूस आणलास. आईला सांगितलंस, ताकदीचं इंजेक्शन आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून फोनवर किती खूश होतास. मीही हो ला हो केलं. त्यामागचं सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

काल तिचे केस विंचरायला गेले, तर तिने हात चादरीखाली ओढून घेतले.

"तुझं नाव घेतलं म्हणून हात पुढे केला मी," म्हणाली. "दादा म्हणाला, बारकीनेच पाठवलंय. नळीत रक्त आलं तेव्हा कळलं."

माझं नाव का घेतलंस रे? तुझ्यासाठी तिने हात दिला नसता, हे तुला माहीत होतं. माझ्यासाठी देईल, हेही. केसाने गळा कापलास.

मी तिला खरं सांगून पाहिलं. "आता त्याच्यावर ढकलतेस?" एवढंच बोलली आणि भिंतीकडे वळली.

रविवारपासून ती एकही गोळी घेत नाही. दूधसुद्धा नर्सताईंनी आधी घोटभर पिऊन दाखवलं तरच. पाय सुजलेत. काल बोलताना धाप लागत होती.

एकदा ये. तिच्यासमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांग, की ते तू केलंस आणि मला त्यातलं काही आधी माहीत नव्हतं. तू कामाचं निमित्त काढशील, मला ठाऊक आहे. तरीही मागतेय.

जिच्या नावाने तू आईला फसवलंस ती,
बारकी