देवीची पापणी

गुरुवार, संध्याकाळ

भरसंध्याकाळी दाराला कडी घालून बसले आहे. आमच्या मंठाळ गावात असं कधी केलं नव्हतं.

उद्याच्या जत्रेत पडद्यावर दाखवायला श्रुतीनं टॅबलेटवर देवी रंगवली आणि ती हलतीही केली. काम सुरेख झालंय. पण देवी पापणी मिटते! देवाची पापणी लवत नाही, हे माझ्या लेकीला ठाऊक नसावं?

दुपारी तिनं ते गावच्या ग्रुपवर टाकलं. लगेच शेजारच्या शांताक्का दारात.

"देवीचे डोळे कामून मिटवलीस गं? ती काय झोपायलीय व्हय?"

श्रुती हसली. "अक्का, डोळे हलले न्हाईत तर देवी जिवंत कशी दिसंल?"

हसायची वेळ होती का ती?

मी तिला दटावून ते ग्रुपवरून काढायला लावलं. पण तोवर कितीजणांनी पुढं धाडलं, कोण जाणे. आता चौकात माणसं जमायलीत म्हणे. आली तर दारात मी उभी राहीन, पोरीला पुढं येऊ देणार नाही.

पण त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला तरी हे पटतंय का?" तर? मी असलं काही मानत नाही. तरी मघाशी एकटीनं पाहताना, मिटलेली पापणी उघडेपर्यंत माझाही श्वास अडकला होता.