चूक, बाई!

७ जुलै

स्लाइड्स! आता गणितसुद्धा स्लाइडवर. खडू बंद. मोठ्या बाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "फळ्यावर लिहिण्यातच तुमचा निम्मा तास जातो." अहो, जातो म्हणजे काय? तोच तर तास असतो! घरी येऊन भांड्यांवर राग काढला.

८ जुलै

समीकरणासाठी वेगळी चौकट असते म्हणे. तिच्यात क्ष लिहिला तर फुटला — क एकीकडे, ष दुसरीकडे! वर्गाचा दोन वर चढवला की कर्सर वरच अडकून बसतो. मग पुढचं सगळं बारीक होऊन वर — बरोबरचं चिन्ह वर, उत्तरही वर. हे मागून डोकावून म्हणाले, "अगं, घात झाला की तुझा!" आणि स्वतःच हसले. मला आधी रागच आला. मग कणीक मळताना हसू आलं.

९ जुलै

क्ष फुटतो म्हणून सांगायला गेले. "मग x घाला ना, एवढं काय त्यात!" — मोठ्या बाई. मान वरही केली नाही. घातला x.

१४ जुलै

एक गोष्ट या स्लाइडवाल्यांना माहीतच नाही. फळ्यावर मी रोज एक चूक मुद्दाम करते. बहुतेक वेळा एकच — पद पलीकडे न्यायचं आणि चिन्ह बदलायचं नाही. मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे लिहीत राहायचं. मागून कुणीतरी ओरडतं, "चूक, बाई!" की सगळा वर्ग जागा. पेंगणारेसुद्धा. ओरडणाऱ्यानं पुढे यायचं, खडू घ्यायचा, दुरुस्त करायचं.

ते कसं सोडणार? स्लाइड्समध्येही घातल्या चुका. प्रत्येक धड्यात एक, आणि पुढच्या ओळी त्या चुकीवरच चालवल्या. मी बाजूला उभी असणारच आहे की.

२१ जुलै

जमलं! पर्समध्ये खडू लपवून नेला होता. नववीत तिसऱ्या ओळीलाच चष्मेवाली ओरडली — पुढच्या बाकावरची, एरवी तोंडातून आवाज निघत नाही तिच्या. पुढे आली, पडद्याशेजारच्या फळ्यावर ठसठशीत उणे काढलं. दोन आठवड्यांचा ताप थोडा उतरला.

२७ जुलै

मोठ्या बाईंनी सगळ्या फाइल्स मागून घेतल्या. "फार छान झाल्यात हो! आता तास कुणीही घेऊ शकेल. तुम्ही लायब्ररी सांभाळा, तिथे माणूस नाही." नववीचं गणित खेळाच्या सरांकडे. नुसतं बटण तर दाबायचंय, म्हणे!

मान मोडून बसले, एकेक घातांक वर चढवला, एकेक कंस बंद केला — आणि स्वतःच्याच हातानं स्वतःला वर्गाबाहेर काढलं. घात म्हणतात तो हा. चुकांचं सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. मुळीच सांगणार नाही! आपटू देत तोंडावर.

२८ जुलै

पुस्तकांची धूळ. शिंका. संताप.

३० जुलै

लायब्ररीच्या दारातून दिसलं — नववीचा सगळा वर्ग बाहेर उभा. हात वर. धावत गेले. चष्मेवालीचे डोळे भरलेले. "आम्ही फक्त 'चूक' म्हणालो, बाई. बरोबर होतो ना आम्ही?"

सर आतून आले. वैतागलेले. "पडद्यावर छापलेलं आहे आणि ही पोरं चूक म्हणतात! बेशिस्त नुसती!" मी म्हटलं, "सर, पोरं बरोबर आहेत. चूक माझी आहे. मुद्दाम घातलेली." ते म्हणाले, "अहो मग काढून टाका ना बाई! माझी कशाला फजिती करता?" त्यांच्यावर तरी काय चिडायचं? त्यांनी कुठे मागितलं होतं गणित?

मी आपटायला निघाले होते मोठ्या बाईंना, आणि हात वर करून उभी राहिली पोरं. स्वतःचाच इतका राग कधी आला नव्हता.

३१ जुलै

दिवसभर बसून सगळ्या चुका काढल्या. कर्सर वर अडकत होता, मी घाईत होते, शिव्या घालत होते. आता स्लाइड्सना बाई लागत नाही.

५ ऑगस्ट

सर व्हरांड्यात भेटले, खुशीत. "आता काही त्रास नाही हो तुमच्या वर्गाचा. काहीही दाखवा, गुपचूप उतरवून घेतात."

मधल्या सुट्टीआधी नववीवरून गेले. दार उघडं होतं. पडद्यावर माझीच स्लाइड. आणि चूक! मुद्दाम घातलेली नव्हे, खरीखुरी — त्या दिवशीच्या घाईत झालेली. वर्गाचा दोन वर चढलाच नव्हता, x च्या शेजारी साधा दोन होऊन बसला होता. सगळं उत्तर त्यामुळे वाकडं. मी दारातच थांबले. आता ओरडतील. आता ओरडतील.

पेनांचा आवाज तेवढा येत होता.

सुट्टीत चष्मेवालीला गाठलं. "तुला दिसली नाही चूक?"

"दिसली की."

"मग ओरडली का नाहीस?"

तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. "पडद्यावर होती ना, बाई."

६ ऑगस्ट

लायब्ररीला कुलूप घातलं. किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. खडू घेऊन नववीत चालले आहे. बाहेर काढलं तर हात वर करून उभी राहीन!