अण्णांचा कान

१५ जानेवारी, गुरुवार

वाजलं! शप्पथ सांगते, वाजलं!

पन्हाळ्याच्या चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबल्यावर — डब्यात हरभरे हलवल्यागत बारीक खडखड. नॉकिंग! सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेच्या आधीच भडकायला लागलं की असा आवाज येतो. आणि तशीच गाडी दामटली की पिस्टनला भोक पडतं.

"अण्णा, वाजतंय."

"काय वाजतंय?"

"नॉकिंग हो!"

"कुठं? काय न्हाय. पळतीय की झकास."

झालं. अण्णा न्हाय म्हणाले म्हणजे न्हाय. गॅरेजांचं सगळं उद्यमनगर मानतं त्यांना. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, मी अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा — आणि दोन मिनिटांत निकाल. "स्कॅनर चुकंल, जोतीराम अण्णांचा कान चुकायचा न्हाय" असं कोडोलीपर्यंत लोक म्हणतात. मी त्यांची लेक, दहा वर्षं त्यांच्याच हाताखाली, आणि मी त्यांना सांगणार?

गाडी सम्राटची. पेठ वडगावचा गडी. घरचा ऊस, बारा म्हशी आणि हा एक नाद. त्र्याण्णव सालची जपानी स्पोर्ट्स गाडी, टर्बोवाली, दोनच सीटा. मामानं मस्कतहून आणलेली, पंधरा वर्षं गोठ्याशेजारी पडून होती. एअरबॉक्समध्ये चिमणीचं घरटं निघालं! चार महिने खपून इंजिन आम्ही नव्यानं भरलं. परवा टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, प्रेशरही वाढवून दिलं, कारण साहेबांना पिकअप कमी पडत होता. आज ट्रायल. एरवी ट्रायलला मी चालवते आणि अण्णा शेजारी बसतात. पण सम्राट हात जोडून उभा. "नव्या प्रेशरवर पहिला चढ अण्णांच्याच हातनं!"

२४ तारखेला पुण्यामुंबईचे जुन्या गाड्यांवाले येणार आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून गोव्याला जाणार. म्हणजे घाट आलाच. माझं खरं असेल तर इंजिन घाटात फुटणार, तेही सगळ्यांदेखत, आणि अण्णांचं चाळीस वर्षांचं नाव मातीत. चुकलं असेल तर हसं माझं. ते बरं की.

१६ जानेवारी, शुक्रवार

माझेच कान वाजत असणार. आईनं कोमट तेल घातलं कानात. आता कुणाचंच काही ऐकू येत नाही. मजा आहे!

१७ जानेवारी, शनिवार

अण्णा जेवायला घरी गेले तेवढ्यात चारही प्लग काढले. चोरासारखी! स्वतःच्या गॅरेजात!

प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चकचकीत बारीक ठिपके होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. पिस्टन झिजायला सुरुवात झालीय. माझे कान शाबूत आहेत.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. प्लग पुसले, परत लावले, हात धुतले. अण्णा आले, म्हणाले, "आज भाकरीसंगं पिठलं हाय, जा पळ." मी गेले आणि दोन भाकरी जास्तच खाल्ल्या. काळजी लागली की मला भूक लागते.

१८ जानेवारी, रविवार

ठिणगीचं टायमिंग बघितलं — बरोबर. पेट्रोलचं प्रेशर — बरोबर. पेट्रोल दुसऱ्या पंपावरचं भरलं — तेच! डोकं आउट.

१९ जानेवारी, सोमवार

सापडलं! आणि जे सापडलं ते जगात दुसरीकडं कुठं सापडणार नाही, फक्त आमच्यात!

या गाडीत आत जाणारी हवा मोजायला एक सेन्सर असतो, त्यात केसासारखी तार. तो काढून उजेडात धरला तर तार गुलाबी. गुलाबी! मी बोट लावून वास घेतला. गुलाल!

सम्राटला फोन लावला. "जोतिबाला गेलतास काय रे गाडी घेऊन?"

"व्हय की. अकरा तारखेला, रविवारी. पूजा नको व्हय गाडीची?"

"गुलाल कुठं टाकला?"

मागनं त्याच्या आईचा, तानाबाई मावशींचा आवाज. फोन ओढूनच घेतला बहुतेक. "इंजनावर टाकला की! बानट उगडून, इंजन चालू ठिवून, दोन मुठी! चांगभलं म्हनून! पोरानं पैसं सगळं आत घातल्यात, मग गुलाल काय टपाला लावू?"

आणि वरनं सम्राटनं ऑनलाइन मागवलेला उघडा एअर फिल्टर, दिसायला झकास, पण त्याच्यातनं गुलाल काय, बुंदीसुद्धा आत जाईल. सेन्सर गुलालानं माखला, हवा कमी मोजायला लागला, म्हणून इंजिनाला पेट्रोल कमी जायला लागलं. वर आम्ही प्रेशर वाढवलेलं. मग वाजणार नाही तर काय होणार!

मी एकटीच पोट धरून हसले. "चांगभलं" म्हणत म्हणत सेन्सर स्प्रेनं धुतला. जुना झाकणाचा फिल्टर परत बसवला. अण्णांना गुलालाचं सांगितलं तर ते हसून हसून बाकड्यावर बसले. नॉकिंग खरंच होतं, हे मात्र सांगितलं नाही. ठिपक्यांचंही नाही.

२० जानेवारी, मंगळवार

परत पन्हाळ्याचा चढ. आज मी चालवली, अण्णा शेजारी. तिसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर पार खाली — काही नाही! मऊ, एकसारखा आवाज, नुसता लोण्यागत. टर्बोनं असं खेचलं की माझ्या तोंडातनं "आयला!" निघालं. अण्णा खूश. "बघ, मी म्हनलं न्हवतं? काय वाजत न्हाय."

येताना वाघबीळला थांबून चहा घेतला. अण्णा शेजारच्या पावण्याला गाडीची कहाणी सांगत होते, निम्मी खरी, निम्मी वाढीव. मी त्यांच्याकडं बघत बसले. गुरुवारी तर एवढं वाजत होतं. मला ऐकू आलं. त्यांना कसं आलं नाही?

२१ जानेवारी, बुधवार

आज जे केलं ते करायला नको होतं.

अण्णा पाठमोरे चहा पीत होते. मी मागं जाऊन कंप्रेसरच्या पाईपचा जॉइंट थोडा सैल केला. सूंऽऽ करून हवा निघायला लागली, बारीक, पण कानात घुसणारी. पूर्वी हेच अण्णा चौकातनं येता येता ओरडायचे, "तेजू, पाईप गळतोय गं!" आज बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्याले, कप विसळला. सूंऽऽ चालूच. अण्णांनी मान वळवली नाही.

जॉइंट आवळला आणि गाडीखाली जाऊन पडले. काम काही नव्हतं. रडू आलं. चक्क रडले मी, ग्रीसच्या हातानं डोळे पुसत.

आयुष्यभर छिन्नी-हातोडे, ग्राइंडर, उघडी सायलेन्सरं. कान जाणारच की. पण कुणाचेही जावेत, अण्णांचे?

२२ जानेवारी, गुरुवार

सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "अण्णा, तेरा-चौदाचा पाना कुठाय?" माझ्या हातातच होता.

२४ जानेवारी, शनिवार

सम्राट सगळी टोळी घेऊन गॅरेजात आला. पुण्याचे, मुंबईचे आठ-दहाजण, डोळ्याला गॉगल, गळ्यात कॅमेरे. "अण्णा, निघायच्या आधी एकदा कान लावा. ह्यांना बघायचंय!"

धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बोनेट उघडलं. मी एका बाजूला, हातात अ‍ॅक्सिलरेटरची केबल. अण्णा समोरच्या बाजूला, स्क्रूड्रायव्हर कानाला. इंजिन चालू झालं. मी हळूहळू केबल ओढत गेले. दोन हजार. तीन. साडेतीनला मला ऐकू आलं — नॉकिंग नाही, दुसरंच. टर्बोच्या पाईपला क्लिप सैल, हवेची बारीक शिट्टी. आता हे अण्णांना काय ऐकू येतंय! सगळ्यांदेखत "बरोबर हाय" म्हणणार आणि कुणी कान तिखट असलेला निघाला तर—

"थांबीव!" अण्णा म्हणाले. "हवा खातंय. तो पाईप बघ, क्लिप सैल हाय."

मी उडालेच! क्लिप खरंच सैल होती. मी आवळली, शिट्टी बंद. टोळीनं टाळ्या वाजवल्या. पुण्याचा एकजण म्हणाला, "अनबिलीव्हेबल!" सम्राटनं तर अण्णांना उचललंच.

म्हणजे कान शाबूत! मग कंप्रेसरचं काय? विचारात असतील. चहात बुडालेले असतील. मीच मूर्ख, बापाची परीक्षा घ्यायला निघालेली. संध्याकाळी येताना अण्णांसाठी खाऊ गल्लीतनं नेहमीच्या गाड्यावरची भेळ आणली, तिखट जास्त. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं!

२५ जानेवारी, रविवार

सम्राटचा फोन. घाट पार करून गोव्यात पोचले, इंजिन एक नंबर.

अण्णांना सगळं सांगून टाकलं. प्लग, ठिपके, कंप्रेसर, सगळं. "मला वाटलं तुमचा कान गेला!" म्हणून मीच हसले.

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "गेलाय की. दोन वर्सं झाली. बारीक आवाज काय बी येत न्हाय. तुझ्या कपाळाला आठी पडली की मला कळतं. काल तू पाईपाकडं बघितलंस, मी पाईप म्हनलो."

"मग त्या दिवशी पन्हाळ्याला?"

"त्या दिवशी गाडी मी चालवत हुतो. रस्ता बघू, का तुझं तोंड बघू?"